पल्याड गेलेलं शिंगरू

मधू, तुझ्या फोटोची चौकट मी दोनदा बिघडवली. चाळीस वर्षं लाकडी पट्ट्या कापतोय. कोपऱ्याचा तिरपा काप युसूफ डोळे मिटून मारते, असं तूच लोकांना कौतुकानं सांगायचास. पण परवा दोन्ही वेळा कोपरा जुळेना, मधे फट राहायला लागली. शेवटी करवत खाली ठेवली, हात धुतले, समोर जाऊन चहा पिऊन आलो आणि तिसऱ्यांदा कापली. तेव्हा कुठे जुळली.

सुशीलावहिनींचा तेल्हाऱ्याहून फोन आला होता. "युसूफभाऊ, तेरवीले फोटो पाहिजे यांचा. घरात शोधला तं हत्ती सापडते, गेंडा सापडते, हे कुठंच नाहीत." माझ्या मोबाइलमध्ये एक होता. केनियाच्या सहलीतल्या तुझ्या ड्रायव्हरनं काढलेला. तू गाडीला टेकून उभा आहेस, डोक्यावर ती मळकी टोपी, उन्हानं डोळे बारीक झालेले. वहिनींना टोपी नको होती. टोपीवर हार बरा दिसत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, टोपी काढली तर हा मधू वाटणारच नाही. मग म्हणाल्या, "राहू द्या मंग."

तू हे वाचणार नाहीस, हे मला कळतं. आणि वाचलं असतंस तर पहिल्या ओळीलाच हसला असतास. "युसूफ, तू बोलते तेल्हाऱ्याचा अन् लिहिते पुण्याचा." काय करू? देशपांडे बाईंनी दोघांनाही एकाच छडीनं शुद्धलेखन शिकवलं. तुझं सुधारलं नाही एवढंच.

त्याच शाळेत आपला एक नियम ठरला होता. सकाळच्या सुटीत सुरू झालेलं भांडण शाळा सुटायच्या आत संपवायचं, उद्यावर न्यायचं नाही. तुझे वडील बाजारात भाजी विकायचे, माझे अब्बा रस्त्याच्या पल्याड देवादिकांच्या तसबिरी मढवायचे. संध्याकाळी आपण दोघं तुझ्या वडिलांच्या हातगाडीला धक्का देत घरी जायचो आणि तोवर भांडण मिटलेलं असायचं. पन्नास वर्षं तो नियम पाळला आपण. मोडला तो शेवटच्या एका वर्षात. म्हणून लिहायला बसलोय.

तू ढोरांचा डॉक्टर झालास. सरकारी दवाखान्यात नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. मी अब्बांचं दुकान अकोल्यात आणलं. तू शनिवारी एसटीनं यायचास, अंगाला गोठ्याचा वास, पिशवीत कुणीतरी दिलेल्या भेंड्या नाहीतर वांगी. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसायचास आणि आठवड्याच्या गायी-म्हशी सांगायचास. कोणाची गाभण राहिली, कोणाची अडली. माणसांची नावं विसरायचास. "तो नाई का, ज्याच्या गायीचं एक शिंग वाकडं हाय" अशी माणसांची ओळख सांगायचास.

एकदा मी तुला एक जुनं कॅलेंडर दिलं होतं, आफ्रिकेतल्या हत्तींचं. बारा महिन्यांचे बारा हत्ती. तारखा जुन्या झाल्या तरी प्रत्येक बदलीच्या गावी तू ते नेऊन टांगलंस. निवृत्त झालास तेव्हा म्हणालास, आता हे प्रत्यक्ष पाहून यायचं. वहिनी काय म्हणाल्या ते मला अजून आठवतं. "जन्मभर ढोरं पाहिली, आता एवढा खर्च करून तिकडचीही ढोरंच पाहाले चालले." तू म्हणालास, "अवं, तिकडच्याइले मले सुई नाई टोचा लागत. नुसतं पाहाचं हाय."

नागपूरच्या एका गटाबरोबर तू गेलास. दोन आठवड्यांनी परत आलास तो काळा पडून, वजन उतरून, आणि तीन हजार फोटो घेऊन. तुला इतकं आनंदात मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग आपलं काम सुरू झालं. शनिवारी तू फोटो निवडायचास, मी छापून आणायचो, चौकट करायचो. तुला विकायचे नव्हते. आयुष्यभर ज्यांच्या गोठ्यात गेलास त्यांना आठवण म्हणून द्यायचे होते. शेंदूरजनाघाटच्या बागवाल्याला सिंह. वरूडच्या त्या संत्र्यांच्या पेट्या भरणाऱ्याला गेंडा, त्याच्या बैलासारखाच हट्टी म्हणून. आणि तेल्हाऱ्याजवळच्या त्या म्हातारीला, जिची एकुलती एक गाय तू वाचवली होतीस, जिराफ. मी तुझ्याबरोबर होतो त्या दिवशी. म्हातारीनं फोटो दोन्ही हातांत धरला, लांब केला, जवळ आणला आणि विचारलं, "डाक्टर, याचं दूध काढाले माणूस कुठं बसते?" येताना स्कूटरवर आपण इतके हसलो की तुला गाडी बाजूला घ्यावी लागली.

चुलीशेजारी, देवघराशेजारी, कापसाच्या गंजीवरच्या भिंतीवर तुझी जनावरं गेली. माझ्या हातच्या चौकटीत तोवर देव होते, लग्नातली जोडपी होती आणि गेलेली माणसं होती. म्हातारपणी तू मला नवीन काम दिलंस, मधू. ते कधी बोललो नाही मी.

एक फोटो मात्र तू कुणालाच दिला नाहीस. झेब्र्याची मादी आणि तिचं शिंगरू नदीच्या उंच काठावरून उडी मारताना. दोघंही हवेत. खाली नदी, मागे धुळीचा सोनेरी पडदा आणि त्या धुळीत उन्हानं चमकणारे शिंगराचे कान. मी इतक्या वर्षांत हजारो फोटो मढवले, पण असा फोटो हातात आला नव्हता. मी म्हटलं, हा मोठा करू. तू पुढचा फोटो काढून समोर ठेवलास. मी परत म्हटलं. तू म्हणालास, "तो राहू दे." मला वाटलं, स्वतःसाठी ठेवला असेल.

मग शबानाच्या दवाखान्याचं ठरलं. माझी पोर लहान मुलांची हाडांची डॉक्टर झाली आणि अमरावतीला तिनं स्वतःचा दवाखाना काढला. ती हाडांची डॉक्टर का झाली हे तिनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. नऊ वर्षांची असताना सुटीत तुझ्याकडे आली होती. तुझ्याकडे पाय मोडलेली शेळी आली. तू शबानाला शेळीचं डोकं मांडीवर धरायला लावलंस आणि बांबूच्या कामट्या लावून पाय बांधलास. पोरगी रडत होती, पण तिनं डोकं सोडलं नाही. महिन्यानं तू तिला फोनवर सांगितलंस, "तुही बकरी चारी पायांवर पळून राहिली." त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दवाखान्याच्या उद्घाटनाआधी तू तिला म्हणालास, तुझ्या भिंतीसाठी माझ्याकडचा कोणताही फोटो निवड. तिनं माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळे पाहिले आणि उडी मारणाऱ्या शिंगराचा निवडला.

"तो नाही," तू म्हणालास.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, कोणताही?"

"तो सोडून घे बेटा. हत्ती घे. मोठा करून देतो."

तिनं कॉम्प्युटर बंद केला. पण मी तिचा बाप आहे, मला तिचा चेहरा दिसला. तू गेल्यावर माझं डोकं फिरलं. वरूडच्या पेटीवाल्याला देतो, गावोगाव वाटतो आणि ज्या पोरीला मांडीवर खेळवलं तिला नाही म्हणतो? तुझे सगळे फोटो माझ्याकडे होतेच. मी तुला न विचारता तो छापून आणला, भिंतभर मोठा. सागाची चौकट केली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नेऊन लावला. शबानाला सांगितलं, काकांनी दिला.

उद्घाटनाला तू आणि वहिनी आलात. तुझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट होती. ती तू दुसऱ्याच्या दुकानात करून घेतली होतीस, मला आधी कळू नये म्हणून. तू आत आलास आणि भिंत पाहिलीस.

तुला माहीत नसेल तुझा चेहरा कसा झाला होता ते. मी जिन्याजवळ उभा होतो, मला दिसला. तू हातातली चौकट शबानाला दिलीस, हत्ती होता त्यात. तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि वहिनींना म्हणालास, चला. तुमच्यासाठी वेगळा पुलाव केला होता, मांस नसलेला, वेगळ्या पातेल्यात. तो तसाच राहिला.

आठ महिने तू दुकानात आला नाहीस. मीही फोन केला नाही. मनात म्हणायचो, एका फोटोसाठी एवढं? शनिवारी स्टुलावर मालाचे खोके ठेवायला लागलो.

मग एके दिवशी दुपारी आलास. शनिवार नव्हता, बुधवार होता. खोके खाली उतरवून बसलास. दुकानात कोणी नव्हतं.

"युसूफ, त्या फोटोचं सांगाचं हाय."

"सांग."

"नदीचा काठ तिथं उंच हाय. ढोरं जाऊन जाऊन एका जागी उतार पडला होता. आमची गाडी त्या उताराच्या बाजूले उभी होती. मले नुसत्या पाठी दिसून राहिल्या होत्या. म्या ड्रायव्हरले म्हटलं, जरा पुढं घे. तो नाई म्हणे. म्या अजून म्हटलं. इतक्या लांबून आलो म्हटलं. त्यानं घेतली. आमच्या मागं अजून चार गाड्या सरकल्या. उतार बंद झाला."

मी काच पुसत होतो. फडकं खाली ठेवलं.

"मागून कळप रेटून राहिला. पुढच्याइले उतराले जागा नाई. मंग त्याइनं उंचावरून उड्या टाकल्या. तुले आवडला तो फोटो त्याचाच."

"मग?"

"शिंगरू खाली दगडावर पडलं. पुढच्या पायाची नळी मोडली. एवढ्या गलक्यात मले आवाज आला, युसूफ. पस्तीस वर्षं ऐकला तो आवाज." तू स्वतःच्या हातांकडे पाहत होतास. "खाली उतराची परवानगी नाई तिथं. गाडीत बसून होतो. माय पल्याड गेली, परत फिरली, अर्ध्या पाण्यात उभी राहून त्याले बलावत होती. ते उठे अन् पडे. मंग ड्रायव्हरनं गाडी वळवली."

तेव्हा मी काय बोलायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा बोललो ते असं की, "अबे, तिथं रोज किती मरतात. मगरी खातात, सिंह खातात. त्यात एक."

"ते माह्यापायी नाई मरत."

"अन् दवाखान्यात पोरं त्या फोटोकडे पाहून रडायची थांबतात. शबाना सांगते. सुई टोचताना त्या शिंगराकडे बघ म्हणते ती. त्याचं काय?"

"पोराइले वाटते ते उडून राहिलं. ते पडून राहिलं होतं."

"मग पोरांना सांगायचं का हे?"

"सांगू नोको. काढ तो तिथून. खोटा हाय तो."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू ईचारलं?"

नव्हतं विचारलं. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, शबानाला तो जिवापाड आवडतो, मी काढणार नाही. तू म्हणालास, मी बाप असतो तर पोरीच्या दवाखान्यात असलं लावलं नसतं. मी म्हणालो, तू बाप नाहीस म्हणूनच तुला कळत नाही. मधू, हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. वहिनींनी आणि तू त्यासाठी किती दवाखाने केले, किती वर्षं वाट पाहिली, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तू उठला नाहीस. स्टुलावरच बसून राहिलास. थोड्या वेळानं म्हणालास, "चहा सांग." मी सांगितला. तू प्यालास. पण तो चहा माझ्याच्यानं अजून गिळला गेलेला नाही.

त्यानंतर फोनवर भांडत राहिलो. निदान बोलत तरी होतो. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "येत्या मंगळवारी अकोल्याले येतो. तिथून संगं अमरावतीले जाऊ. तिथं उभं राहून ठरवू, काढाचा का ठेवाचा." मी म्हटलं, ये. ठरवलं होतं की एसटीत तुझ्या शेजारी बसल्यावर त्या वाक्याची माफी मागायची. समोरासमोर तोंड वर करून जमलं नसतं. शेजारी बसून, खिडकीबाहेर बघत जमलं असतं.

रविवारी सकाळी शेजारच्या गोठ्यातली म्हैस पाहून तू घरी आलास, ओट्यावर बसलास, वहिनींना पाणी मागितलंस. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा तू भिंतीला टेकलेला होतास. त्यांना वाटलं डोळा लागला.

तुला नेलं तेव्हा अर्धा तालुका आला होता. ती जिराफवाली म्हातारीही आली होती, नातवाच्या मोटरसायकलवर बसून. स्मशानाच्या फाटकाबाहेर एका दगडावर बसून होती.

मंगळवारी मी एकटाच अमरावतीला गेलो. पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस होता आणि गुंडाळायला जुनी चादर. तो फोटो काढून आणायचा, हे मी ठरवलं होतं. तू हट्टानं मागितलेली एकच गोष्ट, ती तरी करावी.

दुपारची वेळ, पेशंट संपत आले होते. शबाना बाहेर आली. डोळे अजून सुजलेले.

"अब्बू, आज अचानक?"

"तो फोटो न्यायचा आहे. चौकट ढिली झालीय."

ती भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका इथं येऊन गेले, अब्बू. जायच्या आधीच्या गुरुवारी. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मी खाली बसलो.

तिनं सांगितलं ते असं. तू सकाळी आलास आणि बाकावर बसलास, पेशंटसारखा. ती आत होती, तिला कळलंच नाही. तासाभरानं ती दार उघडून पाहते तर तू बसलेला, आणि शेजारी शेंदूरजनाघाटची एक पोरगी, सात-आठ वर्षांची, संत्र्याच्या झाडावरून पडलेली, मांडीपर्यंत पायाला प्लास्टर. ती तुला फोटो दाखवत होती. शबाना दारातच थांबली.

"आजोबा, हे कुठं चाल्लं?"

"पल्याड."

"पोचलं का?"

तू टोपी काढून मांडीवर ठेवलीस, म्हणे.

"पोचलं. म्या पाह्यलं ना. म्या होतो तिथं."

"लागलं नाई त्याले?"

"लागलं थोडं पायाले. मंग बरं झालं. मायसंगं पळत गेलं."

पोरगी खूश झाली, तिच्या आईला सांगायला लागली. तू उठून शबानाजवळ आलास आणि विचारलंस, हिचं हाड नीट बसलं का? ती म्हणाली, छान बसलंय काका. तू एक्स-रे मागितलास. खिडकीशी जाऊन उजेडाला धरलास आणि पाहत राहिलास. शबाना म्हणते, इतका वेळ कोणी एक्स-रे पाहत नाही. मग तो तिच्या हातात दिलास, "चांगलं काम करते बेटा" म्हणालास आणि गेलास. फोटोबद्दल एक शब्द बोलला नाहीस.

एवढं सांगून शबानानं माझ्याकडे पाहिलं. ती हुशार आहे. उद्घाटनाचा दिवस ती विसरलेली नाही.

"अब्बू, खरंच पोचलं होतं का ते?"

पिशवीतला पेचकस माझ्या मांडीला टोचत होता. मी त्या शिंगराकडे पाहिलं. मग म्हणालो, "डॉक्टर होता ना तिथं. तो म्हणते तं पोचलंच असन."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन माझ्यासाठी जेवण लावलं. मी जेवलो आणि फोटो तिथंच ठेवून परत आलो.

हे कागद कधीतरी शबानाच्या हाती लागतील. तेव्हा लागू देत. ती लेकरांची हाडं जुळवते, हेही पेलेल. आज मात्र हे तुझं आणि माझं आहे.

तो फोटो तुला न विचारता लावायला नको होता मी, मधू. आणि ते वाक्य बोलायला नको होतं. चुकलं माझं. तू त्या बाकावर एकटाच जाऊन बसलास, तेव्हा मी शेजारी असायला हवा होतो.

काल सोमवारी त्या पोरीचं प्लास्टर निघालं. शबानाचा फोन होता. भिंतीला धरून चालते म्हणाली, पण चालते.